गोळी, जुगार आणि स्वभाव



निमंत्रणपत्रिकेवर आजच्या व्याख्यानाचा विषय ‘मेंदूतली रसायनं आणि माणसाचं वागणं’ असा छापला आहे. एवढा विषय तासाभरात संपवण्याची ताकद माझ्यात नाही, आणि ज्याला ती आपल्यात आहे असं वाटतं त्याच्यापासून आपण जरा जपूनच राहावं. मी औषधशास्त्र शिकवतो. माणसाच्या मनाकडे मी येतो तो गोळीच्या वाटेने. एखादं औषध पोटात गेलं आणि माणसाच्या वागण्यात काहीतरी बदललं, तर त्या बदलावरून मेंदूबद्दल काय कळतं, एवढंच मला सांगता येतं. म्हणून आज मुख्यतः एकाच रसायनाबद्दल बोलणार आहे. त्याचं नाव डोपामिन.

ही गोष्ट सुरू होते ती आपल्या ओळखीच्या एका वनस्पतीपासून. सर्पगंधा. आपल्या देशात तिच्या मुळ्या वेडेपणावर, निद्रानाशावर आणि सर्पदंशावर पिढ्यान्‌पिढ्या दिल्या जात होत्या. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीने रक्तदाब उतरतो आणि भडकलेला रुग्ण शांत होतो, असं लिहून ठेवलं. जगाने तिकडे लक्ष दिलं नाही. लक्ष वेधलं ते मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी. रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांना सर्पगंधा देऊन त्यांनी नीट नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निबंध छापला. पुढे १९५७ मध्ये या कामासाठी त्यांना अमेरिकेतलं लास्कर पारितोषिक मिळालं. मुंबईच्या हृदयरोगतज्ज्ञाचं हे काम पुढे मेंदूविज्ञानाच्या पायाशी जाऊन बसलं, हे आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

त्या निबंधानंतर १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत सर्पगंधेतलं मुख्य द्रव्य वेगळं काढलं गेलं. ते रेसर्पिन. रक्तदाबावर ते जगभर वापरलं जाऊ लागलं, अमेरिकेत मनोरुग्णालयांतही पोहोचलं. मग तक्रारी येऊ लागल्या. काही रुग्ण मलूल झाले. काहींचे हातपाय ताठरले, चेहरा निर्विकार झाला, चाल मंदावली. पाहणाऱ्याला कंपवाताचा म्हणजे पार्किन्सन्सचा रुग्ण वाटावा. (रेसर्पिनमुळे खिन्नता येते हे पाठ्यपुस्तकांत अनेक दशकं छापलं गेलं. आता त्या पुराव्यावर गंभीर शंका घेतल्या जातात. या प्रकारच्या शंकेची आज आपल्याला पुन्हा गरज पडणार आहे.)

स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रेसर्पिन टोचलं. ससे कान पाडून निपचित पडले. मग त्यांनी एल-डोपा नावाचं द्रव्य टोचलं आणि थोड्याच वेळात तेच ससे उठून हिंडू लागले. एल-डोपापासून मेंदूत डोपामिन तयार होतं. डोपामिन थेट रक्तात सोडलं तर मेंदूभोवतीची संरक्षक यंत्रणा त्याला आत येऊ देत नाही. एल-डोपाला मात्र वाट मिळते. डोपामिन ही केवळ दुसऱ्या रसायनाची कच्ची अवस्था आहे असं तोवर मानलं जाई. मेंदूत ते स्वतःच काम करतं, असं कार्लसन म्हणू लागले. १९६० मध्ये लंडनच्या परिषदेत सर हेन्री डेल यांच्यासारख्या दिग्गजांसमोर त्यांनी हे मांडलं, तेव्हा तिथे कोणाला ते पटलं नाही. चाळीस वर्षांनी, २००० मध्ये, कार्लसनना नोबेल मिळालं.

१९६० मध्येच व्हिएन्नात ओलेह हॉर्निकीविच यांनी कंपवाताने मेलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले होते. निरोगी माणसाच्या मेंदूच्या अर्कात विशिष्ट द्रव्य टाकलं की गुलाबी रंग यायचा. कंपवाताच्या रुग्णाच्या अर्काला रंग जवळजवळ आलाच नाही. एका आजाराचं कारण परीक्षानळीत उघड्या डोळ्यांनी दिसलं, असे प्रसंग वैद्यकात थोडे. पुढच्या वर्षी रुग्णांना एल-डोपा टोचलं, तेव्हा अंथरुणावर उठून बसताही न येणारी माणसं काही तासांपुरती चालू लागली. आणि एल-डोपा कुठे सापडतं? खाजकुइलीच्या बियांत. शाळेत एकमेकांच्या अंगावर टाकायची तीच खाजकुइली. तिच्या बियांतून ते वेगळं काढल्याचा निबंध दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय शास्त्रज्ञांनी १९३७ मध्येच छापला होता.

इथवरची गोष्ट हातापायांची आहे. आता ती वागण्याकडे वळते.

कंपवातावर एल-डोपाच्या जोडीला पुढे दुसरी औषधं आली. ती डोपामिनची नक्कल करतात. पेशीवर डोपामिन जिथे बसतं तिथे जाऊन बसतात. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल ही त्यांतली नावं. औषधं चांगली आहेत, आजही लाखो लोकांचे हातपाय त्यांच्यावर चालतात. २००५ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी आपल्या अकरा रुग्णांची हकिगत छापली. कंपवाताचे हे अकराही जण अलीकडेच जुगाराच्या पूर्ण आहारी गेले होते, आणि अकराही जण याच प्रकारचं औषध घेत होते. औषध कमी केलं किंवा थांबवलं, आणि पुढे ज्यांची माहिती मिळत राहिली त्यांचा जुगार सुटला.

अकरा माणसांवरून निष्कर्ष काढू नये. म्हणून २०१० मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या ३,०९० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांच्यातल्या १३.६ टक्के लोकांना जुगार, बेसुमार खरेदी, अनावर कामेच्छा किंवा अनावर खाणं यांपैकी निदान एक गोष्ट जडली होती. नक्कल करणारी औषधं घेणाऱ्यांत हे प्रमाण १७.१ टक्के होतं, न घेणाऱ्यांत ६.९ टक्के. फ्रान्समध्ये २०१२ मध्ये अपील न्यायालयाने अशा एका रुग्णाला औषध कंपनीकडून सुमारे दोन लाख युरो भरपाई द्यायला लावली.

हे असं का होतं? डोपामिन तयार करणाऱ्या पेशी माणसाच्या मेंदूत साधारण चार ते सहा लाख; मेंदूतल्या एकूण ८,६०० कोटी पेशींच्या मानाने चिमूटभर. पण त्यांचे धागे दूरवर पोहोचतात. एक शाखा हालचालींच्या भागाकडे जाते, दुसरी जाते ती काय हवंसं वाटावं आणि कशासाठी धडपडावं हे जोखणाऱ्या भागाकडे. कंपवातात पहिली शाखा आधी आणि जास्त झडते. दुसरी बराच काळ तुलनेने शाबूत राहते. गोळीला मात्र हा भेद कळत नाही, ती सगळीकडे सारखीच पसरते. हालचालींच्या भागाला जेवढी मात्रा पुरेशी, तेवढीच दुसऱ्या भागात जास्त होते. आमटीतल्या मिठासारखं आहे हे: कमी पडलं तरी बिघडतं आणि जास्त झालं तरी.

पण जास्त झालं म्हणजे नेमकं काय जास्त झालं? वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत डोपामिनला सुखाचं रसायन म्हणतात. ते बरोबर नाही. मिशिगन विद्यापीठात केंट बेरिज आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळपास संपवलं. ते उंदीर अन्न समोर असूनही त्याकडे जाईनात. भरवलं नाही तर उपाशी मरतील अशी अवस्था. मात्र जिभेवर साखरेचं पाणी ठेवलं की तोंडं पूर्वीसारखीच मिटक्या मारत. म्हणजे गोडी शाबूत होती, तिच्यामागे जाण्याचा जोर गेला होता.

दुसरा प्रयोग वोल्फ्राम शुल्ट्झ यांचा, माकडांवरचा. माकडाला अचानक फळाच्या रसाचा थेंब मिळाला की डोपामिनच्या पेशी उसळत. मग थेंबाआधी दरवेळी दिवा लावायला सुरुवात केली. काही दिवसांनी पेशी दिवा लागताच उसळू लागल्या आणि प्रत्यक्ष रसाला मुळीच दाद देईनात. आणि दिवा लावून रस दिलाच नाही, तर रस यायच्या नेमक्या क्षणी त्या एकदम गप्प होत. शुल्ट्झ, दायन आणि माँटेग्यू यांनी १९९७ मध्ये याचा अर्थ लावला: या पेशी सुख मोजत नाहीत, अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांच्यातला फरक मोजतात. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं तर वर, कमी मिळालं तर खाली. या वरखालीतून मेंदू शिकतो की पुढच्या वेळी काय करायचं.

आता गोळीकडे परत या. पेशींवर औषध सतत बसलेलं असेल, तर खाली जाण्याचा संकेत उमटणार कुठून? हेच मायकेल फ्रँक आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये कंपवाताच्या रुग्णांवर तपासलं. पडद्यावर जपानी लिपीतल्या अक्षरांच्या जोड्या दाखवायच्या. त्यांतलं एक निवडायचं. काही अक्षरं बहुतेक वेळा बरोबर निघत, काही बहुतेक वेळा चूक. रुग्णांनी औषध घेतलेलं नसताना ते चुकीची अक्षरं टाळायला जास्त चांगलं शिकले. औषध घेतल्यावर बरोबर अक्षरं निवडायला जास्त चांगलं शिकले, आणि फटक्यातून शिकणं मंदावलं. तोच माणूस, तोच मेंदू. फरक सकाळच्या गोळीचा.

जुगाऱ्याचं दुखणं याहून नेमक्या शब्दांत कोणी सांगितलेलं मला माहीत नाही. जिंकलेला डाव मनात कोरला जातो, हरलेले डाव पुसले जातात.

आपल्याकडे म्हण आहे, स्वभावाला औषध नाही. या रुग्णांकडे पाहिलं की म्हण लंगडी पडते. आयुष्यभर हिशेबाने वागलेला माणूस, साठीनंतर, एका गोळीने उधळ्या होतो आणि ती गोळी उतरवली की पुन्हा हिशेबी होतो. मग ती काटकसर ‘त्याची’ होती का? तत्त्वज्ञांना मी हा प्रश्न खुशाल देऊन टाकतो. मला त्यातलं एक टोक महत्त्वाचं वाटतं. याच ३,०९० रुग्णांच्या पाहणीत कोणाला धोका जास्त हेही दिसलं: वय कमी असणारे, अविवाहित, धूम्रपान करणारे, घराण्यात जुगाराचा इतिहास असणारे. आणि आणखी एक, कॅनडात राहणाऱ्यांपेक्षा अमेरिकेत राहणारे. औषध तेच, आजार तोच, सरहद्द ओलांडली की प्रमाण बदलतं. शंभरातल्या ज्या सतरांना त्रास झाला त्यांच्याबद्दल आपण बोलतो. उरलेल्या त्र्याऐंशींनीही तेच औषध घेतलं होतं. गोळी ओढीचा जोर वाढवते. ती ओढ कशाकडे नेणार आणि कितपत आवरली जाणार, हे घर, पैसा, सवयी आणि हाताशी असलेलं दुकान ठरवतात.

आता सामाजिक वागण्याबद्दल, कारण तिथे गोंधळ सर्वांत जास्त आहे. मघाशी सर हेन्री डेल यांचं नाव घेतलं. १९०६ मध्ये त्यांनीच दाखवलं होतं की मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावतं. त्यातलं द्रव्य म्हणजे ऑक्सिटोसिन. प्रसूतिगृहात त्याचं इंजेक्शन आजही रोज वापरलं जातं. पुढे प्रेअरी व्होल नावाच्या, उंदरासारख्या, जोडीने राहणाऱ्या प्राण्यात त्याचा जोडी जमण्याशी संबंध दिसला. आणि २००५ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये निबंध छापला: नाकात ऑक्सिटोसिन फवारलेल्या २९ तरुणांपैकी १३ जणांनी अनोळखी माणसाच्या हाती आपले सगळे पैसे सोपवले; खोटा फवारा मिळालेल्या २९ पैकी केवळ सहा जणांनी. मग काय विचारता! विश्वासाचं रसायन, प्रेमाचं रसायन, मिठीचं रसायन. भाषणं झाली, पुस्तकं खपली, बाटल्याही विकायला आल्या.

तेरा आणि सहा. आकडे पुन्हा ऐका. एवढ्या पायावर केवढी माडी चढवली! २०२० मध्ये ६७७ जणांवर तोच प्रयोग, पद्धत आधी जाहीर करून, पुन्हा झाला. ऑक्सिटोसिनने विश्वास वाढतो असं एकंदरीत दिसलं नाही. विज्ञानाची अब्रू राखणारी गोष्ट अशी की मूळ निबंधाचे एक लेखक अर्न्स्ट फेअर या दुसऱ्या निबंधाचेही लेखक आहेत. व्होलच्या गोष्टीलाही २०२३ मध्ये धक्का बसला. ऑक्सिटोसिन ज्यावर बसतं तो ग्राहकच जनुकीय कात्रीने काढून टाकलेले व्होल जन्माला घातले. त्यांनीही व्यवस्थित जोड्या जमवल्या.

ऑक्सिटोसिन निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. एका रसायनाला एक सद्गुण चिकटवण्याची आपली घाई निरुपयोगी आहे. पूर्वी पत्रिकेत शनी-मंगळ बघत, आता सेरोटोनिन-ऑक्सिटोसिन बघतात. या फेअर यांचाच आणखी एक प्रयोग मला फार आवडतो. १०० हून अधिक स्त्रियांना टेस्टोस्टेरॉन (पुरुषी आक्रमकतेचं म्हणून ओळखलं जाणारं संप्रेरक) किंवा खोटी मात्रा देऊन पैसे वाटून घेण्याचा खेळ खेळायला दिला. २०१० मध्ये निकाल छापला. ज्यांना खरोखर टेस्टोस्टेरॉन मिळालं होतं, त्यांनी समोरच्याला जास्त न्याय्य वाटा देऊ केला. आपल्याला टेस्टोस्टेरॉन मिळालं आहे असं ज्यांना नुसतं वाटत होतं, त्यांनी कमी. रसायनाबद्दलची समजूत रसायनाच्या उलट दिशेने काम करून गेली.

समजूत, दर्जा, शेजारपाजार यांचा परिणाम उलट रसायनावरही होतो. २००२ मध्ये वीस माकडांवरचं काम प्रसिद्ध झालं. एकेकटी ठेवली असताना त्यांच्या मेंदूतल्या डोपामिनच्या एका जातीच्या ग्राहकांत काही विशेष फरक नव्हता. चारचारच्या टोळ्यांत ठेवल्यावर काही माकडं वरचढ झाली, काही दबली. पुन्हा तपासलं तेव्हा वरचढ माकडांत हे ग्राहक वाढलेले दिसले, दबलेल्यांत नाही. कोकेन उपलब्ध केल्यावर वरचढ माकडांनी ते कमी घेतलं. म्हणजे टोळीतलं स्थान आधी आलं, मेंदूतला फरक मागून. व्यसनी माणसाचा मेंदू मुळातच वेगळा, असं जे सहज म्हणतात त्यांनी ही माकडं लक्षात ठेवावीत.

आणि कंपवाताच्याच रुग्णांवरचा, अमेरिकेतल्या सिनसिनाटीतला २०१५ चा प्रयोग. रुग्ण अवघे बारा, म्हणजे माझाच मघाचा इशारा इथेही लागू. त्यांना सांगितलं, दोन इंजेक्शनं आहेत, परिणाम सारखाच, पण एकाची किंमत १०० डॉलर आणि दुसऱ्याची १,५००. दोन्हींत होतं निव्वळ मिठाचं पाणी. महागड्या मिठाच्या पाण्याने हालचाली जास्त सुधारल्या. खोट्या औषधाच्या अपेक्षेने कंपवाताच्या रुग्णाच्या मेंदूत खरं डोपामिन सुटतं, हे त्याआधी २००१ मध्ये मेंदूच्या प्रतिमांवर दिसलेलंच होतं.

मोबाइलबद्दल विचारणार हे मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगतो. रविवारी मोबाइल बंद ठेवून डोपामिनचा उपास होत नाही. रस्त्यावरून घरी जाताना, चहाची वाट पाहताना, या व्याख्यानाच्या शेवटाची वाट पाहतानाही डोपामिन चालूच असतं. मोबाइल बंद ठेवा, जरूर ठेवा; झोप लागेल, घरच्यांशी बोलणं होईल. ही कारणं पुरेशी चांगली आहेत, त्यांना रसायनाचं प्रमाणपत्र कशाला हवं?

आता ज्यासाठी मी हे व्याख्यान स्वीकारलं ते सांगून थांबतो. आपल्या सगळ्यांच्या नात्यात कंपवाताचं कोणीतरी आहे. याच प्रकारची औषधं रात्री पाय स्वस्थ राहत नाहीत या तक्रारीवर आणि प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढल्यावरही देतात. डॉक्टर हात किती थरथरतो, चाल कशी आहे, हे विचारतात. खात्यातून पैसे का जाताहेत, रात्री दोनला मोबाइलवर रमी का चालू आहे, हे घाईगर्दीच्या ओपीडीत विचारायचं राहून जातं. रुग्ण तर ते आपणहून सांगतच नाही. त्याला वाटतं, हा आपल्या चारित्र्याचा दोष आहे. घरच्यांना वाटतं, म्हातारपणी चळ लागला. दोघंही लाजेने गप्प बसतात, आणि कर्ज वाढत जातं.

म्हणून, औषध सुरू झाल्यावर किंवा त्याची मात्रा वाढल्यावर आईच्या, वडिलांच्या, काकांच्या खर्चाच्या सवयीत, खाण्यात, जुगाराच्या किंवा शेअरबाजाराच्या नादात, कामेच्छेत बदल दिसला, तर तो तसाच्या तसा डॉक्टरांना सांगा. चिठ्ठीवर लिहून द्या, बोलायला अवघड वाटत असेल तर. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. ही औषधं एकदम थांबवली तर वेगळाच त्रास उद्भवतो, ती हळूहळू उतरवावी लागतात आणि ते काम डॉक्टरांचं. आणि घरी गेल्यावर त्या माणसाला अपराधी ठरवण्याआधी त्याच्या गोळ्यांच्या पाकिटावरची नावं एकदा वाचा.